आईची पेटी, बाबांचे पट्टे

१४ एप्रिल, रविवार

आज जेवताना मटणाच्या कापांवर पुदिन्याचा सॉस ओतता ओतता आई म्हणाली, "तारीख मिळाली. सत्तावीस मे, हॅमिल्टनला." आणि त्याच दमात, "बटाटे घे अजून."

तारीख तिच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची. मूळची झडप त्र्याऐंशी वर्षं चालली, आता ती नीट उघडत नाही. तिच्या जागी गाईच्या हृदयाच्या आवरणापासून केलेली बसवणार आहेत. आम्ही तारानाकीची माणसं जन्मभर गाईवरच जगतो, त्यामुळे आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. "कुठल्या गोठ्यातली आहे तेवढं विचारून ठेव," म्हणाली.

मी बटाटे घेतले. तोवर तिचं पुढचं वाक्य आलं, "त्याआधी माझी पेटी पूर्ण झाली पाहिजे."

पेटी म्हणजे शवपेटी. हावेरातली, म्हणजे आमच्या गावातली, म्हातारी मंडळी दर मंगळवारी क्लबात जमतात, चहा पितात आणि आपापल्या शवपेट्या आपल्या हातांनी बनवतात. दुसऱ्या गावांत या वयाला लोक पत्ते खेळतात म्हणे. आईची पेटी मात्र क्लबात नाही, आमच्या गॅरेजात आहे. आधी तिथेच होती, पण एकदा आई बाथरूमला गेली असताना कुणीतरी प्रेमाने तिच्या झाकणावर जांभळी फुलं रंगवली. त्याच दुपारी तिने पेटी गाडीत घालून घरी आणली, आणि जुन्या बोलिंग क्लबची लाकडी जमीन उखडली तेव्हाच्या रिमू लाकडाच्या फळ्या मिळवून नव्याने सुरुवात केली. त्या जमिनीवर उभं राहून तिने तीस वर्षं लोकांच्या चहात साखर घातली. आता ती जमीन तिच्या अंगाभोवती येणार, हे तिला पटतं.

जोडकाम झालंय. फळ्यांवर जुन्या वार्निशचा जाड थर आहे, तो घासून काढायचा आणि तेल लावायचं, एवढंच उरलंय. घासायचं काम माझ्याकडे आलं. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, शनिवारच्या पेपरात लोकांची टर उडवणारं सदर लिहितो, आणि सहा वर्षांपूर्वी आईकडे दोन आठवड्यांसाठी राहायला आलो. या कामासाठी ही पात्रता तिला पुरेशी वाटली.

ही डायरी गुरांच्या डॉक्टरने फुकट दिली आहे. आमच्याकडे गाय नाही, पण तो वाटतच सुटला होता. आजच्या पानाच्या तळाशी छापलंय, "गाभण गाईंचे खूर तपासले का?" नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

बाबांचं बेल्ट सँडर, म्हणजे खरकागदाचा पट्टा गरगर फिरवून लाकूड घासायचं यंत्र, कपाटातून काढलं. ओतीव लोखंडाचं धूड आहे, चालू केलं की साखळी सुटलेल्या कुत्र्यासारखं ओढतं. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना बाबांचे पट्टे टांगलेत, तोरणासारखे. गावातला फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा बाबांनी ते घाऊक आणले होते. "आपल्या तीन पिढ्यांना पुरतील," म्हणाले होते. ते जाऊन अकरा वर्षं झाली. पट्टे तिथेच आहेत, नवेकोरे.

एक चढवला. सुरू केलं. चार सेकंद सगळं सुरेख चाललं. मग फटाक असा आवाज झाला आणि पट्टा माझ्या कानाजवळून जाऊन रंगांच्या डब्यांवर आदळला.

दुसरा चढवला. फटाक.

आई दारात येऊन उभी होती. म्हणाली, "सेल्विन असता तर आत्तापर्यंत तीन वेळा देवाचं नाव निघालं असतं." सेल्विन म्हणजे बाबा. मी एकदाच घेतलं होतं, तेही मनात.

१९ एप्रिल, शुक्रवार

रोग सापडला. कापड शाबूत आहे, दाणाही धारदार. गेलाय तो जोड. पट्ट्याची दोन टोकं ज्या फितीने आतून चिकटवलेली असतात, तिचा गोंद वयाने बिस्किटासारखा झालाय. नखाने खरवडला की पूड पडते. म्हणजे पट्टा मेलेला नाही, त्याला नुसतं पुन्हा धरून ठेवायला हवं.

दुरुस्ती अशी. आईच्या केस वाळवायच्या यंत्राने जोड गरम करायचा, जुनी फीत सोलायची, उरलेला गोंद पात्याने काढायचा. टोकं समोरासमोर आणायची. मागून पातळ घट्ट कापडाची पट्टी, चटकन धरणारा गोंद, वर दोन फळ्यांचा शिकंजा, आणि रात्रभर हात लावायचा नाही. आज चार लावून ठेवले.

रेविनचा ब्रिस्बेनहून फोन आला. रेविन माझी धाकटी बहीण. तिला प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असतो आणि तो नेहमी फोनवरच असतो. "अरे, दुकानात जाऊन नवे आण ना."

मी तिला समजावलं की हल्लीच्या मालात दम नाही, आणि जे दुरुस्त होतं ते फेकून नवं आणायची ही जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्यावर मी आजवर अकरा सदरं लिहिली आहेत.

"मी एकही वाचलेलं नाही," रेविन म्हणाली. "आई कशी आहे?"

आई उत्तम आहे. स्वयंपाकघरातून गॅरेजपर्यंत येताना हल्ली मध्येच त्या हायड्रेंजियाच्या झुडपापाशी थांबते, त्याला धरून जरा वेळ निरखते. फुलं केव्हाच वाळलीत. एवढं काय बघते कोण जाणे. तिला बागेची आवड आहे म्हणा.

२१ एप्रिल, रविवार

शेजारची हुइयामावशी फेजोआंची, म्हणजे पेरूसारख्या हिरव्या फळांची, बादली घेऊन आली. एप्रिलात या गावात एकमेकांना भेटायला फेजोआ नेतात आणि परत येताना दुसऱ्याच्या झाडाचे फेजोआ घेऊन येतात. हुइयामावशी क्लबाची सेक्रेटरी आहे. त्याआधी आमच्या शाळेची बस चालवायची, त्यामुळे अजूनही ती "बस" म्हणाली की मी बसतो.

तिने माझे शिकंज्यातले पट्टे बघितले. एक एक उचलून, उजेडात धरून.

"जोड छान आलेत," म्हणाली. "सगळे असेच करणार?"

"सगळे म्हणजे लागतील तेवढे."

"बरं. आणि पेटी किती घासून झाली?"

मी सांगितलं की आधी साधनं तयार करावी लागतात, मग काम. मावशीने पेटीच्या बाजूवर तळवा फिरवला. "आमच्यात तीन दिवस पेटी उघडी ठेवून माणसं भोवती बसतात, बेव्हन. हात लावतात, डोकं टेकवतात. तुझ्या आईसाठी, आमच्या नोलीनसाठी, अर्धं गाव येईल. कुणाच्या गालात कुसळ गेलं तर तुझं नाव निघेल."

"इतक्यात कुणी येत नाहीये," मी म्हणालो.

मावशी माझ्याकडे नुसती बघत राहिली. बसच्या आरशातून बघायची तशी. मग फेजोआ ठेवून गेली.

२३ एप्रिल, मंगळवार

दुरुस्त पट्टा चालला. दहा मिनिटं. जोडाशी थोडा जाड झालाय, त्यामुळे सँडर ठक-ठक-ठक करत जातं आणि लाकडावर बारीक लाटा उमटतात. मग फटाक.

कापड बदलून बघायला हवं. बाबांचा जुना रेशमी टाय कापला. हे आईला सांगितलेलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

अँझॅक डे, युद्धात पडलेल्यांचा स्मरणदिन. पहाटे स्मारकापाशी सगळं गाव, श्वासांच्या वाफा, एक बिगुल. आई दरवर्षी उभी राहते. या वर्षी हुइयामावशीने घडीची खुर्ची आणली होती. "माझ्या गुडघ्यांसाठी," असं मोठ्याने सांगितलं आणि आईला बसवलं. मावशीचे गुडघे माझ्याहून चांगले आहेत. आईनेही नाही म्हटलं नाही, याचं मला नवल वाटलं.

नंतर तिघं गॅरेजात चहा प्यायलो. मी ओटमीलच्या बिस्किटांची बशी पेटीच्या झाकणावर ठेवली. मावशी बोलता बोलता थांबली. तिने बशी उचलली, बाहेर जाऊन कट्ट्यावर ठेवली, नळाखाली हात धुतले आणि परत येऊन पुढचं वाक्य सुरू केलं. मी तिच्या शेजारी वाढलोय. खाणं आणि मरण तिच्या समाजात एका फळीवर ठेवत नाहीत, हे मला पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

"मी विसरलो, मावशी," मी म्हणालो.

"पेटी आहे हे विसरलास," ती म्हणाली. "ते दिसतंच आहे."

३० एप्रिल, मंगळवार

टायचं रेशीम चांगलं धरतं. सात पट्टे तयार. हे काम मला जमतं असं दिसतंय. जोड इतका पातळ आलाय की डोळे मिटून बोट फिरवलं तर सापडत नाही.

आई म्हणाली, "झाकण कधी घेतोस?"

म्हटलं, बारा झाले की एकदम सुरू करतो, म्हणजे मध्ये थांबायला नको.

"बारा," आई म्हणाली. ती तुटलेल्या पट्ट्यांचे स्वयंपाकघरातल्या कात्रीने वीतभर तुकडे करते आणि रेडिओ ऐकता ऐकता पेटीच्या लाकडी मुठी हाताने घासते. सहापैकी चार झाल्या. मऊ झाल्यात, लोण्यासारख्या. पण हाताने घासणं म्हणजे वेळकाढूपणा. यंत्र असताना कशाला?

४ मे, शनिवार

ब्रिस्बेनवरून पाकीट. रेविनने नवे पट्टे पाठवलेत, जाड, मध्यम आणि बारीक दाण्याचे. आत चिठ्ठी, "आता कारणं सांगू नकोस."

साईज चुकली आहे. अर्ध्या इंचाने तरी आखूड वाटतात. मोजायची गरज नाही, इतकी वर्षं लिहिण्यात घालवली असली तरी नजर आहे मला. पाकीट रंगाच्या डब्यांमागे ठेवलं. परत पाठवायचा खर्च उगाच.

या आठवड्याचं सदर नगरपालिकेच्या नव्या बाकांवर लिहिलं. वाचून संपादक म्हणाला, "यात विनोद कुठे आहे?" मी म्हणालो, शोध.

८ मे, बुधवार

आज फार वाईट झालं.

प्रयोग म्हणून एका पट्ट्याची टोकं समोरासमोर न आणता एकावर एक चढवून चिकटवली. असा जोड जास्त घट्ट धरतो. फक्त पट्टा कुठल्या दिशेला फिरणार त्याचा बाण आत छापलेला असतो, आणि वरचं टोक त्या बेताने ठेवावं लागतं. मी बाण बघितला. बघून उलटा चढवला. झाकण घेतलं, सुरू केलं. दुसऱ्याच फेरीला सुटं टोक लाकडात रुतलं, सँडर उडालं, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध करंगळी मावेल एवढी खाच पडली.

मी सँडर बंद केलं. त्याची वायर काढून गुंडाळली.

आई आली. तिला यायला हल्ली वेळ लागतो, त्या हायड्रेंजियामुळे. खाच बघितली, बोट घालून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं.

"तुला लागलं नाही ना?" म्हणाली.

"नाही."

"मग चहा टाक."

१३ मे, सोमवार

अकरा पट्टे तयार. बाराव्याचं कापड संपलं. बाबांचा दुसरा टाय आहे, पण तो त्यांच्या लग्नातला.

हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातून फोन आला. काही सूचना दिल्या. त्या आईने लिहून घेतल्या.

१८ मे, शनिवार

गॅरेजात गेलो तर आई माझ्या स्टुलावर बसलेली. मांडीवर रेविनचं पाकीट, हातात मोजपट्टी.

"बरोबर बसतात," म्हणाली. "मी मोजले."

"थोडा फरक असेल—"

"फरक नाही. चष्मा लावून मोजलेत. बस."

स्टुलावर ती होती. मी रंगाच्या डब्यावर बसलो.

"मार्जोरीची पेटी कधीपासून तयार आहे?" आईने विचारलं. मार्जोरी क्लबातली.

"मला काय माहीत."

"मी क्लबात गेले त्याच्या आधीपासून. ती तिच्यात लोकरीचे गुंडे ठेवते. गेल्या महिन्यात नाचायला गेली होती. आणि क्लॅरीची?"

क्लॅरीची कधी झालीच नाही. एका बाजूला निळा रंग, दुसऱ्या बाजूला नुसती पुट्टी. तशाच पेटीतून न्यावा लागला त्याला, आणि पुट्टीची बाजू भिंतीकडे ठेवावी लागली.

"म्हणजे पेटी होण्याचा आणि माणूस जाण्याचा काही संबंध नाही," आई म्हणाली.

"संबंध आहे असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. पाच आठवडे तू ते इतकं म्हणत नाहीयेस, की मला शेजारच्या खोलीत ऐकू येतं."

मी म्हणालो की डॉक्टरांना चांगली आशा आहे.

"डॉक्टर काय म्हणाले ते मी समोर बसून ऐकलंय. तू खिडकीतून गाड्या मोजत होतास." ती थांबली. बसल्या बसल्याही हल्ली तिला थांबावं लागतं. "हे बघ बेव्हन. मी परत आले तर ठीकच आहे. नाही आले तर रेविन येईल. तिला पांढरी चकचकीत पेटी आवडते, सोनेरी मुठींची. तुझ्या बाबांच्या वेळी मी नको म्हटलं म्हणून राहिली. या खेपेला नाही म्हणायला तू असशील, आणि तुला त्या आठवड्यात कुणाशी भांडायचं त्राण नसेल. पेटी तयार असली तर भांडायलाच नको. आणि दुसरं."

"काय?"

"मला जायच्या आधी तिच्यावर हात फिरवून बघायचाय. माझी आहे ती. एवढी वर्षं प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या मापाची वापरली."

तिने पाकिटातला जाड दाण्याचा पट्टा काढला आणि माझ्या हातात दिला, शाळेत जाताना डबा द्यायची तसा.

इथे नोंदवून ठेवतो की आईचा माझ्याबद्दल गैरसमज झालाय. मी पट्टे दुरुस्त करत होतो ते दुरुस्त होण्यासारखे होते म्हणून. दुसरं काही नाही.

१९ मे, रविवार

नव्या पट्ट्याला आवाज नसतो. म्हणजे असतो, पण एकच, सरळ, लांब. ठक-ठक नाही. सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आधी झाकण, बाजू, डोक्याची फळी, पायाची फळी, सगळं झालं. पाच आठवडे जे अडलं होतं ते एवढंच होतं हे बघून मला कुणाचा तरी राग आला. कुणाचा, ते ठरलं नाही.

काळपट, चिकट वार्निशखालून रिमू वर आलं. लाल, मधासारखं, मधूनमधून गडद रेषा. बोलिंग क्लबात इतकी वर्षं त्यावरून चाललो, खाली हे आहे असं कधी वाटलं नव्हतं.

खाच मात्र राहिली. ती काढायला गेलो तर आईने सँडरची वायर उपटली. "तेवढं खोल घासलंस तर झाकणाचा पापड होईल. तिथं फुलं ठेवतील."

दुपारी कडा आणि कोपरे. तिथे यंत्र जात नाही, हाताने करावं लागतं. आईने माझे अकरा पट्टे भिंतीवरून काढले आणि कात्री घेतली.

"आई, ते जोडलेले आहेत."

"दिसतायत. सुंदर जोडलेत," ती म्हणाली आणि जोडावरच कात्री चालवली. रेशमासकट. "अरे, हा सेल्विनचा टाय."

"एकच कापला."

"बरं झालं. मला तो कधीच आवडला नाही."

मग आम्ही दोघं बसलो, ती डोक्याच्या बाजूला, मी पायाच्या, आणि बाबांच्या पट्ट्यांच्या तुकड्यांनी कोपरे घासत राहिलो. पंचवीस वर्षांपूर्वीचा दाणा, पण काय धार आहे. आई मध्ये मध्ये थांबायची. तिच्या शेजारी हायड्रेंजिया नव्हतं. मला तेव्हा कळलं ती कशासाठी थांबते ते. खरं म्हणजे आधीही कळलं असतं.

झाल्यावर तिने डोळे मिटून झाकणावरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, परत उलटा.

"हं," म्हणाली.

आमच्या घरात "हं" ही सगळ्यात मोठी पदवी आहे. बाबांना ती दोनदा मिळाली होती.

२४ मे, शुक्रवार

तेलाचे दोन हात दिले. गॅरेजात ओल आहे, वाळणार नाही म्हणून पेटी बैठकीच्या खोलीत खिडकीखाली आणून ठेवली. पोस्टमन पत्र द्यायला आला, तिला बघून टोपी काढली. आईने आतून ओरडून सांगितलं की अजून वेळ आहे.

रेविन उद्या हॅमिल्टनला पोचते.

२६ मे, रविवार

हॅमिल्टन. चार तासांच्या रस्त्यात आईने मला तीनदा सांगितलं की वळणांवर हळू घे, आणि एकदा सांगितलं की फ्रीजरमधला खिमा आधी संपव. वाटेत मोकाऊला थांबून व्हाइटबेटचं, म्हणजे चिमुकल्या माशांचं, धिरडं खाल्लं. ती म्हणाली छान आहे. तिने अर्धं खाल्लं. उरलेलं मी खाल्लं. छान होतं.

२७ मे, सोमवार

सकाळी सातला तिला नेलं. अंगठी निघेना म्हणून बोटाला चिकटपट्टी लावली. ढकलत नेताना तिने मान वळवली आणि विचारलं, "हीटर बंद केलास ना घरचा?"

केला होता. तसं सांगितलं. दार बंद झालं.

पाच तास लागतील म्हणाले. रेविन माझ्याशेजारी बसून आहे. इतक्या जवळ ती किती वर्षांत बसली नव्हती. तिला पेटीबद्दल सांगितलं. फोनवर फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली, बोटांनी मोठा करून. मग म्हणाली, "ही खाच कसली?"

"माझी."

"वाटलंच," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

इथे विनोद सुचत नाही. प्रयत्न केला.

दुपार. अजून काही नाही. पाच तास होऊन गेले. नर्स म्हणते कधी कधी जास्त लागतात. मी तिला विचारलं किती जास्त. ती म्हणाली जास्त.

मला बरं वाटतंय की पेटी झाली आहे. हे लिहून वाचताना विचित्र वाटतंय, पण तसंच आहे. तिला जे हवं होतं त्यातलं जेवढं माझ्या हातात होतं, तेवढं बाकी ठेवलेलं नाही.

डॉक्टर आले. झडप बसली. हृदय आपणहून सुरू झालं.

२९ मे, बुधवार

आज आईच्या घशातली श्वासाची नळी काढली. आईने डोळे उघडले, आधी रेविनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दाढी कर," म्हणाली. आवाज खरवडल्यासारखा.

केली.

१६ जून, रविवार

आई घरी येऊन आठवडा झाला. भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, खोकला आला तर छातीशी उशी धरायची. हुकूम सोडण्यावर हॉस्पिटलाने काही बंधन घातलेलं नाही. ती बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसते, समोर पेटी. येणारेजाणारे आधी पेटीवर हात फिरवतात, मग तिची तब्येत विचारतात.

आज दुपारी विणकाम खाली ठेवून म्हणाली, "आतून कशी आहे ते काही मला कळलं नाही. बाहेरून बघितली फक्त."

"आतून पण घासली आहे."

"मला आत जाता येणार नाही अजून. तू बघ."

"मी?"

"मग काय पोस्टमनला सांगू?"

बूट काढून आत उतरलो. तिच्या मापाची, त्यामुळे गुडघे दुमडावे लागले. लाकडाला तेलाचा वास येत होता. खिडकीतून ऊन बरोबर पोटावर.

"डाव्या खांद्यापाशी खरखरीत आहे," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं. माझा तोच खांदा दुखरा. उद्या घासून टाक."

"टाकतो."

"घाई नाही," ती म्हणाली, आणि तिच्या सुया पुन्हा सुरू झाल्या. उठणारच होतो. सुयांचे एवढे दहावीस टाके ऐकून उठू म्हटलं.

पुढचं मला हुइयामावशीकडून कळलं, आणि क्लबात सगळ्यांना माझ्याआधी. ती सूप घेऊन आली, सूप बाहेरच ठेवलं, दार ढकललं, तर खिडकीखाली पेटीत मी, हात छातीवर, तोंड उघडं, आणि शेजारी खुर्चीवर आई विणत बसलेली. मावशी दारातच थांबली.

"नोलीन," ती म्हणाली, "चुकीचा माणूस गेला की काय गं?"

आईने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल," म्हणाली. "दोन महिन्यांत आज पहिल्यांदा झोपलाय."